माझ्यापेक्षा

परवा भाचीचा मेलबर्नहून फोन आला. "मामा, एक काम आहे, दहा मिनिटांचं." त्या दहा मिनिटांच्या कामाला आज अकरावा दिवस आहे, म्हणून म्हटलं इथे लिहूनच काढावं. घरातली मंडळीही हे पान वाचतात, त्यांनी रागावू नये. आणि रागावायचं असेल तर मला फोन करून रागवावं.

काम असं. आईला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होतंय. त्या निमित्ताने भाची घरच्या सगळ्यांच्या फोटोंचं एक पुस्तक छापून घेते आहे. तिच्या दोन्ही मुलांना मराठी बोललेलं थोडंफार कळतं, वाचता अजिबात येत नाही. तेव्हा फोटोंखालचा मजकूर इंग्रजीत हवा. फोटो तिच्याकडे आहेत. मधे मधे टाकायला आजोबांच्या वहीतल्या चार ओळी तिला हव्या होत्या, इंग्रजी करून. नोकरीची सगळी वर्षं इंग्रजी पत्रांचे मसुदे करण्यात गेलेला मामा घरात असताना हे काम दुसऱ्या कोणाला सांगणार?

आजोबा म्हणजे आमचे अण्णा. अण्णा डायरी लिहीत नसत. त्यांची वही म्हणजे वाडीच्या जमाखर्चाची वही. आगाशीला आमची लहानशी वाडी होती. केळी, थोडी पानवेल, कुंपणाच्या कडेने तगर आणि सोनचाफा. अण्णा सकाळच्या विरार लोकलने फोर्टातल्या सरकारी कचेरीत जायचे आणि दिवेलागणीनंतर परत यायचे. वाडी बघायची ती आईने. रविवारी अण्णा आठवडाभराचा हिशेब तिच्या तोंडून ऐकून वहीत उतरवत. खत एवढ्याचं, गडी एवढ्याचे, राजेळीचे घड एवढे गेले, सुकेळी एवढी झाली. पानामागून पान आकडेच. त्यात कुठे कुठे एखादी ओळ आकड्यांवाचूनची. 'आज पहिला पाऊस.' 'विहिरीला पाणी गोडे आहे अजून.' अशा.

यातल्या तीन ओळी मी दहा मिनिटांत करून दिल्या. चौथी जून १९९१ मधली आहे. मोटारदुरुस्ती आणि शेणखत यांच्या नोंदी, त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली अण्णांच्या त्या सरकारी, किंचित उजवीकडे झुकलेल्या अक्षरात:

'हिने माझ्यापेक्षा वाडीला जास्त जीव लावला.'

बस्स. पुढच्या पानावर पुन्हा आकडे.

आता 'जीव लावणे' याला 'लव्ह' हा शब्द तोकडा पडतो हे मला कळतं, पण ते सोडून देऊ. भाषांतरात एवढं तेवढं सांडतंच. मी कागदावर लिहिलं, 'शी लव्ह्ड द वाडी मोअर दॅन...' आणि पेन थांबलं. दॅन, पुढे काय?

'दॅन आय डिड' म्हटलं तर अर्थ असा, की वाडीवर मीही जीव लावला, पण तिने माझ्याहून जास्त लावला. नवऱ्याने बायकोची केलेली कबुली. 'दॅन शी लव्ह्ड मी' म्हटलं तर अर्थ असा, की तिने मला लावला त्याहून जास्त जीव वाडीला लावला. नवऱ्याने बायकोबद्दल केलेली तक्रार. पस्तीस वर्षं ही वही आमच्या घरात आहे. ती ओळ मी निदान चार वेळा वाचली असेन, दर वेळी डोळ्यांत पाणीही आलं असेल. पण अण्णा नक्की काय म्हणतायत हे आपल्याला ठाऊकच नाही, हे मला मराठीत कधी कळलंच नाही. इंग्रजी करायला बसल्यावर कळलं.

इथे मला आमचे इंग्रजीचे सर आठवले. आठवले म्हणजे समोर येऊन उभेच राहिले, हातात लाल पेन घेऊन.

सरांचा सगळा भर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची ही पुस्तकं तुमच्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर कुठेतरी असतील. एकेका नियमाखाली वाक्यांच्या रांगा, मराठीची इंग्रजी करा, इंग्रजीची मराठी करा. सरांना या पुस्तकांचा अभिमान जरा जास्तच, कारण तर्खड आमच्याच तालुक्यातलं. वसईच्या पश्चिमेला आहे, सायकलने जाण्यासारखं. "मराठीचा पाणिनी आपल्या तर्खडचा," असं ते वर्गात छाती फुगवून सांगायचे. म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर, १८१४ ते १८८२. जन्म मुंबईचा, पण घराणं मूळचं तर्खडचं. त्यांनी इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं. त्यांचे भाऊ भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली 'बॉम्बे गॅझेट'मध्ये इंग्रज सरकारच्या लुटीबद्दल इंग्रजीतूनच खरमरीत पत्रं लिहिली. दुसरे भाऊ डॉक्टर आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाच्या स्थापनेतले. त्यांची मुलगी अन्नपूर्णा. १८७८ साली विलायतेला जाण्याआधी सतरा वर्षांचे रवींद्रनाथ टागोर मुंबईत त्यांच्या घरी राहिले होते, तेव्हा त्यांचं इंग्रजी बोलणं सुधारायचं काम तिच्याकडे होतं. "टागोरांना इंग्रजी शिकवलं ते तर्खडकरांच्या पोरीने, आणि तुम्हाला साधं 'दॅन' वापरता येत नाही!" हे सरांचं ठरलेलं वाक्य.

तर ते 'दॅन'. नववीत असताना मी एक वाक्य लिहिलं होतं, 'माय ब्रदर रन्स फास्टर दॅन रन्स माय फ्रेंड.' कुठल्याशा जुन्या धड्यात 'दॅन डझ' असं काहीतरी वाचलं होतं आणि तसंच ऐटदार लिहावंसं वाटलं होतं. सरांनी 'रन्स'भोवती लाल गोळा केला आणि मला फळ्यापाशी बोलावलं. फळ्यावर तीन वाक्यं लिहिली.

ही रन्स फास्टर दॅन हिज ब्रदर.
ही रन्स फास्टर दॅन हिज ब्रदर डझ.
ही रन्स फास्टर दॅन डझ हिज ब्रदर.

म्हणाले, "तिन्ही बरोबर. पहिलं घरातलं, दुसरं बाजारातलं, तिसरं कोर्टातलं." मग 'दॅन' या शब्दावर खडू आपटून म्हणाले, "याच्या पोटात एक आख्खं वाक्य आहे. ते गिळलंय याने. 'त्याचा भाऊ पळतो' हे ते वाक्य. पहिल्यात पुरतं गिळलं. दुसऱ्यात शेपूट बाहेर राहिलं, 'डझ'. तिसऱ्यात ते शेपूट उडी मारून कर्त्याच्या पुढे आलं. पण उडी मारायची मुभा फक्त साहाय्यक क्रियापदाला. डू, डझ, डिड, इज, वॉज, हॅव, कॅन, विल, ही सगळी गडीमाणसं. मुख्य क्रियापद मालक. मालक उड्या मारत नाही. म्हणून तुझं 'दॅन रन्स' चूक."

वर्ग हसला. मीही हसलो. पण नियम डोक्यात बसला तो आजतागायत.

पुढे नोकरीत मसुदे लिहिताना आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे कर्ता नुसतं सर्वनाम असेल तर ही उडी शोभत नाही. 'दॅन डझ ही' किंवा 'दॅन डिड आय' असं कोणी बोलत नाही, लिहिलं तर कवितेतलं वाटतं. तिथे 'दॅन ही डझ', 'दॅन आय डिड' हेच बरं. दुसरी म्हणजे कर्ता जितका लांबलचक, तितकी ही उडी सोयीची. समजा मला लिहायचंय, की वाडी तपासायला आलेल्या सगळ्या साहेबांना केळीतलं जेवढं कळत होतं त्याहून आईला जास्त कळत होतं. (हे खरंच आहे.) 'माय मदर न्यू मोअर अबाउट बनानाज दॅन ऑल द ऑफिसर्स हू केम टू इन्स्पेक्ट द वाडी डिड.' वाचून बघा. तो शेवटचा 'डिड' गाडी सुटल्यावर फलाटावर राहिलेल्या माणसासारखा दिसतो. तेच 'दॅन डिड ऑल द ऑफिसर्स हू केम टू इन्स्पेक्ट द वाडी' म्हटलं की वाक्य नीट बसतं. जड सामान शेवटी ठेवायची इंग्रजीला सवय आहे. प्रश्न विचारतानाही 'डझ' पुढे येतो आणि 'नेव्हर'ने सुरुवात केली तरी येतो, तसाच इथेही येतो. फरक एवढाच, की तिथे तो आणावाच लागतो, इथे तुमच्या मर्जीवर आहे.

आपल्या मराठीला या उड्या लागत नाहीत, कारण आपल्याकडे शब्दाच्या पायात चाळ बांधलेले आहेत. ने, ला, चा, त. 'आईने केळं माकडाला दिलं' हे वाक्य कसंही फिरवा. 'माकडाला केळं दिलं आईने', 'केळं दिलं आईने माकडाला'. जोर बदलतो, पण देणारी आईच राहते आणि घेणारं माकडच. इंग्रजीतही हजार वर्षांपूर्वी असे प्रत्यय होते. ते झिजत गेले आणि कोण कर्ता, कोण कर्म हे जागेवरून ठरायला लागलं. तेव्हाच्या इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या आधी येणं आजच्या मानाने बरंच सर्रास होतं, जर्मनमध्ये ते अजूनही दिसतं. आज 'दॅन डझ'मध्ये जे उरलंय ती त्या जुन्या सवयीची खूण. जुन्या वाड्यातला एखादा खांब नव्या इमारतीत तसाच राहावा तशी.

म्हणजे मराठी मोकळी आणि इंग्रजी बांधलेली, असं मी आजवर समजत होतो. पण 'पेक्षा' हा शब्द आला की आपलेही चाळ वाजेनासे होतात. हे मला अण्णांच्या ओळीने शिकवलं.

बघा ना. 'हिने' म्हणजे कर्ता, 'वाडीला' म्हणजे जिला जीव लावला ती. दोघींचे चाळ स्वच्छ वाजतात. 'माझ्यापेक्षा'मधल्या 'मी'चं काय? तो 'मी' मुळात 'मी' होता, म्हणजे जीव लावणारा? की 'मला' होता, म्हणजे ज्याला लावला तो? 'पेक्षा' लागला की दोघांचंही 'माझ्या' होतं. मधला प्रत्यय 'पेक्षा'ने खाल्ला. सरांच्या भाषेत सांगायचं तर आपल्या 'पेक्षा'ने आख्खं वाक्य गिळलं आणि शेपूटही बाहेर ठेवलं नाही.

मग मी शब्द फिरवून पाहिले. 'माझ्यापेक्षा हिने वाडीला जास्त जीव लावला' म्हटलं की 'मी' आणि 'ही' शेजारी येतात, तुलना त्या दोघांची वाटते. 'हिने वाडीला माझ्यापेक्षा जास्त जीव लावला' म्हटलं की वाडी आणि मी शेजारी, त्यांची तुलना वाटते. अण्णांनी 'माझ्यापेक्षा' ठेवला आहे 'हिने' आणि 'वाडीला' यांच्या नेमका मधोमध. सरकारी कारकुनाने मुद्दाम ठेवावा तसा. अण्णांनी तो मुद्दाम ठेवला असेल असं मला वाटत नाही. बहुतेक असाच सुचला असेल.

सहज मोल्सवर्थचा कोश काढला. 'पेक्षा' आला आहे संस्कृत 'अपेक्षा'वरून. अमक्याच्या अपेक्षेने, म्हणजे अमक्याकडे बघता. सुरुवातीचा 'अ' रोजच्या बोलण्यात गळून गेला. तिकडचा 'दॅन' आणि 'देन' हे मुळात एकच शब्द होते असं सांगतात. हा उंच, मग तो. इंग्रजाने तुलना करताना रांग लावली, आपण अपेक्षा ठेवली. 'माझ्यापेक्षा' या शब्दात 'माझी अपेक्षा' दडलेली आहे हे कळल्यावर मी कोश मिटला आणि चहा करायला उठलो.

असो. व्याकरण झालं, आता पुरावे.

आधी ताईला फोन केला. ताई बोरिवलीला असते. ती म्हणाली, "त्यात काय कळायचंय? रागाने लिहिलंय अण्णांनी. अण्णांची नाशिकला बदली झाली तेव्हा तीन वर्षं क्वार्टर मिळत होतं. आई गेली का? वाडी कोण बघेल म्हणून राहिली. अण्णा खानावळीत जेवले तीन वर्षं." हे खरं आहे. १९७८ ते १९८१. मी तेव्हा शाळेत होतो. शनिवारी रात्री अण्णा येत आणि रविवारी दुपारी परत निघत. निघताना ते वाडीच्या फाटकापर्यंत जाऊन मागे वळून बघत. आई तेव्हा पाणी सोडत असायची. ती हात हलवायची, पण पाटातून बाहेर यायची नाही.

मग काकांना विचारलं. काका आता ८६ वर्षांचे आहेत. ते म्हणाले, "छे! दादाने कौतुकाने लिहिलंय. तारीख बघ की." तारीख बघितली आणि मलाही आठवलं. त्या काळात वसईतल्या जमिनी बांधकामाला खुल्या होत होत्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं होतं, गावोगाव सभा होत होत्या. आमच्याकडेही एक दलाल दर आठवड्याला यायचा. अण्णांची निवृत्ती तीन वर्षांवर आली होती, दोन मुलांची लग्नं व्हायची होती, आकडा मोठा होता. अण्णा विकायला तयार झाले होते. आई म्हणाली, "मी मेल्यावर." झालं, विषय संपला. विहिरीचं पाणी टँकरवाल्याला विकायलाही ती तयार नव्हती. ज्यांनी विकलं त्यांच्या विहिरी मचूळ व्हायला लागल्या होत्या, ते तिने पाहिलं होतं. ही ओळ त्यानंतरच्याच रविवारची.

मी पुन्हा वही उघडली. त्याच पानावर अण्णांनी वर्षाच्या वाडीखर्चाची बेरीज मांडली आहे. दोन रकाने. 'माझ्याकडून' आणि 'हिच्याकडून'. 'हिच्याकडून'चा आकडा 'माझ्याकडून'च्या दुपटीहून जास्त आहे. आईचे ते पैसे म्हणजे सुकेळीचे, फुलांचे आणि एका पाटलीचे. मोटार दुसऱ्यांदा जळली तेव्हा पाटली गेली हे मला ठाऊक होतं, पण अण्णांनी ती रकान्यात लिहून ठेवली आहे हे ठाऊक नव्हतं. त्या दोन रकान्यांखाली रेघ आणि रेघेखाली ती ओळ. मग काका बरोबर. 'दॅन आय डिड.' बेरजेखाली लिहिलेला शेरा आहे तो, दुसरं काय!

तसं भाचीला लिहून पाठवलं आणि झोपलो. सकाळी तिचा मेसेज. "मामा, नक्की ना? मला वाटलं 'मोअर दॅन मी' असेल. आजीने मला एकदा सांगितलं होतं, तुझे आजोबा वाडीचा मत्सर करायचे."

मत्सर! अण्णा! आमच्यापैकी कोणाला हा शब्द अण्णांच्या बाबतीत सुचला नसता. पण आईला सुचला होता, आणि तिने तो मुलांना न सांगता नातीला सांगितला होता.

गंमत पुढेच आहे. भाचीने लिहिलेलं 'मोअर दॅन मी' हे सरांनी लाल पेनाने खोडलं असतं. जुन्या व्याकरणात 'दॅन आय' म्हणजे 'माझ्यावाचून दुसरा कर्ता मीच' आणि 'दॅन मी' म्हणजे 'मला' असा चोख हिशेब. पण आज इंग्रजी बोलणारी माणसं दोन्हीकडे 'दॅन मी'च म्हणतात. म्हणजे त्यांच्याही 'मी'चा चाळ गेला आणि तो आपल्या 'माझ्यापेक्षा'च्या पंगतीत येऊन बसला. शुद्ध इंग्रजीत अण्णांची ओळ अर्धीच येते, कुठलीतरी एक बाजू. ती पुरी येते फक्त त्या चुकीच्या, बोलभाषेतल्या इंग्रजीत. तिथेही थोडी तक्रारीकडे कलते, पण येते.

मी भाचीला कळवलं, की 'दॅन मी'च ठेव. आणि वर अण्णांच्या अक्षरातल्या ओळीचा फोटो छाप, मुलांना वाचता येवो न येवो. त्यांना विचारू दे.

एवढ्यावर काम संपलं असतं. पण काल तिने विचारलं, शेवटच्या पानावर वाडीचा फोटो आहे, त्याखाली तुझं एक वाक्य दे. फोटोत आई विहिरीच्या कठड्यावर बसली आहे. मागे केळी. हा फोटो २०१५ चा. २०१६ साली आम्ही तिघा भावंडांनी अर्धी वाडी विकली. आई जिवंत होती, तिने सही केली. 'मी मेल्यावर' हे तिचं वाक्य आम्हाला तिघांनाही आठवत होतं आणि तिघांपैकी कोणी ते उच्चारलं नाही. कारणं होती, खरी होती, ती इथे लिहीत बसत नाही. सही करून झाल्यावर तिने विचारलं, "विहीर कुठल्या अर्ध्यात आली?" विहीर विकलेल्या अर्ध्यात आली होती.

काल रात्री फोटोखाली आधी मराठीत लिहिलं, 'आईने आम्हा मुलांपेक्षा वाडीला जास्त जीव लावला.' लिहिलं आणि बघत बसलो. लहानपणी हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल. परीक्षेच्या दिवशी ती पाणी सोडायला गेली तेव्हा, तापात पडलो असताना ती मोटार बघायला उठली तेव्हा. तेव्हा त्यातल्या 'आम्हा'चा अर्थ 'आम्हाला' असाच होता. मराठीत ठेवलं असतं तर आजही मला त्या अर्थाच्या आडोशाला बसता आलं असतं. वाचणाऱ्यांनी म्हटलं असतं, बिचारी पोरं.

म्हणून इंग्रजीत लिहिलं, आणि सरांच्या तिसऱ्या ओळीप्रमाणे लिहिलं.

'शी लव्ह्ड धिस वाडी मोअर दॅन डिड द थ्री ऑफ अस हू सोल्ड इट.'

कर्ता लांब आहे, म्हणून 'डिड' पुढे आला. व्याकरण चोख आहे. आणि 'डिड' पुढे आला की दुसरा अर्थ उरतच नाही. आम्ही तिघं कर्ते, ज्यांनी तेवढा जीव लावला नाही ते.

ताईला अजून दाखवलेलं नाही. ती इथेच वाचेल. ताई, छापायला जायला अजून चार दिवस आहेत. काढायचं असेल तर सांग.